बायला आणायला गेले होते

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या वसईत लोक दोनच गोष्टी विचारतात. चपला आणल्या का, आणि तांबडा रस्सा खाल्ला का. चपला आणल्या नाहीत, रस्सा चाखलासुद्धा नाही. मी गेले होते माझ्या बहिणीला जमिनीतून काढायच्या कागदावर सही करायला. असं सरळ सांगितलं की विचारणारा गप्प होतो आणि मग मलाच कसंतरी होतं. म्हणून म्हटलं, सगळं एकदा लिहूनच काढावं.

माझी थोरली बहीण कतरीन. घरी आम्ही तिला बाय म्हणायचो. एकोणिसाव्या वर्षी ती मठात गेली आणि सिस्टर क्लारा झाली. मी तेव्हा बारा वर्षांची. आईला नुकताच अर्धांगवायू झालेला, वाडीत केळी लागलेली, आणि ही बया पत्र्याची ट्रंक घेऊन निघाली देवाची सेवा करायला! आईचं अंग पुसायला मी, बापाची पेज करायला मी. तो राग मी पुढे पन्नास वर्षं जपला, अगदी लोणच्यासारखा, बरणीचं झाकण घट्ट लावून. बाय नर्स झाली, आणि तिला कोल्हापूर जिल्ह्यात, नेसरीच्याही पुढच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात पाठवलं. आयुष्य तिथेच गेलं तिचं. दर नाताळला फोन यायचा, "लुसी, एकदा ये गं, ऊस खायला ये." मी म्हणायचे, येईन की. मी शाळेत मास्तरीण होते. सुट्ट्या होत्या, गाड्या होत्या, मन नव्हतं.

तिचा शेवटचा फोन आषाढात आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "झोपच लागत नाही बघ, लुसी." दारात कोळीण टोपली उतरवून उभी होती. मी म्हटलं, "वय झालं आता, मलाही नाही लागत. दुपारची झोपत जाऊ नकोस." आणि फोन ठेवून कोलंबीचे वाटे बघायला गेले.

श्रावणात बाय गेली. तिकडे पूर आला होता, पूल पाण्याखाली, फोन बंद. आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. मी चर्चमध्ये तिच्या नावाने मिस्साची प्रार्थना सांगितली, आल्यागेल्यांना चहा दिला, संपलं. मग गणपतीनंतर कोल्हापूरच्या मठातून मदरचा फोन आला. आवाज अवघडलेला. "तुमच्या बहिणीचं दफन व्हायला हवं तसं झालेलं नाही. आम्हाला पोचता आलं नाही. गाव लिंगायतांचं आहे. त्यांनी तिला त्यांच्या रीतीने पुरलं. म्हणजे... बसवून." आता तिला बाहेर काढून कोल्हापुरात सिस्टरांच्या दफनभूमीत नीट ठेवायचं होतं. त्यासाठी रक्ताच्या नात्यातल्या कुणाची तरी संमती लागणार होती. आम्ही पाच भावंडं; उरलेली मी एकटी.

बसवून! आमच्यात माणूस गेलं की त्याला आडवं करायचं, हात छातीवर जोडायचे, उशीशी फुलं ठेवायची. आयुष्यभर राबलेल्या जिवाला निदान शेवटी पाठ टेकू द्यायची. त्या रात्रीच नव्हे, पुढचे कित्येक दिवस मला बाय डोळ्यांसमोर दिसायची, ओल्या मातीत बसलेली. मी मदरना म्हटलं, "कागद तयार ठेवा. मी स्वतः येते."

कोल्हापूर

नोव्हेंबर हा आमच्यात मृतांचा महिना. घरच्या कबरी साफ करून, मेणबत्त्या लावून मी निघाले. कोल्हापूरच्या स्टँडावर उतरले तर एक रिक्षावाला अंगावर ओरडला, "कुटं जायाचं पावणं? बॅग आना हिकडं!" मला वाटलं भांडतोय. मीही आवाज चढवला. तो आणखी खूश झाला. मठाच्या फाटकाशी सोडलं आणि आतून कुणी कडी काढेपर्यंत थांबून राहिला. "बंद असलं तर कुटं उभं ऱ्हाताय उनात," म्हणाला. आमच्याकडे गोड बोलून भर उन्हात सोडून जातात, इथे ओरडून सावलीला बसवतात. हे समजायला मला एक दिवस लागला.

मदर म्हणजे सिस्टर जसिंता, मूळच्या मंगळूरकडच्या. बारीक, शांत, बोलण्याआधी चष्मा पुसणाऱ्या. त्यांनी मला दफनभूमी दाखवली. एका रांगेत पांढरे क्रूस, सगळे एका उंचीचे, कुठे गवताची काडी नाही. शेवटच्या रांगेच्या टोकाला एक जागा मोकळी होती. तिथे सावली होती. मला जागा आवडली. खरं सांगते, मनातल्या मनात मी तिथे बायला निजवूनसुद्धा टाकलं.

"तिचं आजारपण काय होतं?" मी विचारलं.

"कधी बोललीच नाही," मदर म्हणाल्या. "सोबतच्या सिस्टरची दोन वर्षांपूर्वी बदली झाली. दुसरी द्यायला आमच्याकडे माणूस नव्हतं. मी तिला किती वेळा म्हटलं, इकडे ये. पत्रात एकच, मी ठणठणीत आहे. शेवटची दोन वर्षं इथे यायची ती सकाळच्या बसने, आणि संध्याकाळी परत. खोली तयार असायची, खाटेवर धुतलेली चादर असायची. एक दिवस राहा म्हटलं तरी राहायची नाही. जरा राग यायचा मला."

मलाही आला. म्हटलं, हिने सगळ्यांना असंच केलंय तर.

कागद टेबलावर होता. मदरनी पेनाचं टोपण काढून दिलं. पण बत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईला न बघता सही करता येत नाही. मी म्हटलं, "आधी जागा बघून येते. त्या लोकांना दोन शब्दही सुनवायचे आहेत." कागद मी पर्समध्ये ठेवला.

नेसरीची बस

ही बस गंमतीची आहे. महाराष्ट्रातून निघते, निपाणीला कर्नाटकात शिरते, दुकानांच्या पाट्या बदलतात, आणि झोप मोडेपर्यंत परत महाराष्ट्रात येते. दोन्ही बाजूंना ऊस. तोडणी सुरू झालेली, ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर, आणि मधूनच एखाद्या गुऱ्हाळाचा गरम गोड वास खिडकीतून आत यायचा.

दुसरा वास माझ्या पिशवीतून यायचा. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जाऊ नये म्हणून मी घरून सुक्या बोंबलांचा पुडा आणला होता. तीन कागदांत गुंडाळला होता, तरी उन्हाने त्याला कंठ फुटला. संकेश्वरच्या पुढे कंडक्टर उभा राहून ओरडला, "कुणाची मासळी हाय ती? एका गाडीत बसलोय आपन, जरा दया करा की!" मी खिडकीबाहेर बघत बसले. शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला आणि माझ्या पिशवीकडे बघून विचारलं, "कुणाकडं जायाचं?"

मी गावाचं नाव सांगितलं. म्हटलं, "तिथे सिस्टर क्लारा होत्या, त्यांची मी बहीण."

तिने पदर खाली केला. "क्लाराक्काच्या?" मग उतरेपर्यंत ती बोलत होती. तिच्या नवऱ्याला टीबी झाला होता. गोळ्या घ्यायचा नाही, उकिरड्यावर टाकायचा. बाय रोज सकाळी चालत यायची आणि त्यांच्या उंबऱ्यावर बसायची. गोळी गिळून, तोंड उघडून दाखवेपर्यंत उठायची नाही. पाऊस असला तरी तिथेच, डोक्यावर पोतं घेऊन. "सा म्हैनं बसल्या बगा उंबऱ्यावर. आमच्या मालकांस्नी शेवटी लाज वाटली आन् बरं झालं." बोंबलांबद्दल ती पुढे एक शब्द बोलली नाही.

मला मात्र आईच्या खाटेजवळचं रिकामं स्टूल आठवलं. तिथे बसायला हिला वेळ नव्हता.

गंगव्वाचं रान

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढे सोपा, आमच्याकडची ओसरी. भिंत शेजारच्या घराला लागून. त्या घरातली गंगव्वा, सत्तरीची, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, मला लांबून बघूनच म्हणाली, "आलासा? धाकल्या भन न्हवं तुमी? नाक त्येच हाय की!" हात धरून आत नेलं, गूळ-पाणी पुढे केलं. तिचा नवरा शिवाप्पा खांबाला टेकून बसला होता, उंच, वाळलेला. इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. गंगव्वा म्हणाली, "मदरचा फोन आलता, मी सकाळधरनं वाट बगत बसलोय." रागात असूनही मला हसू आलं.

मी पुडा पुढे केला. "हे आमच्याकडचं. सुके बोंबील."

गाव लिंगायतांचं आहे हे मदरनी फोनवर सांगितलं होतं, हजार वेळा मीच मनात घोकलं होतं, आणि त्यांच्या देवघरासमोर मासळी ठेवून बसले होते! शिवाप्पा छताकडे बघायला लागला. मी पुडा ओढून पिशवीत कोंबला, तोंडाने माफी, माफी. गंगव्वा म्हणाली, "ऱ्हाऊं द्या. अक्काच्या म्हायेरचं हाय, त्येला काय हुतंय." मग हळूच म्हणाली, "अक्का मासं खाईत हुत्या व्हय तिकडं? हितं कवाच न्हाई खाल्लं. आमच्या भिंतीला भिंत हाय म्हनून."

घरी डोक्याच्या तुकड्यावरून माझ्याशी मारामारी करायची ती. पुढे आयुष्यभर मासा खाल्ला नाही, आणि मला कधी सांगितलंसुद्धा नाही.

जेवायला तव्यावरची जोंधळ्याची भाकरी, शेंगाची चटणी आणि गव्हाची हुग्गी होती, गूळ घालून शिजवलेली. इतकं साधं आणि इतकं चांगलं जेवण मी बऱ्याच दिवसांत जेवले नव्हते, आणि जेवताना डोक्यात एकच होतं, की आता बोलायचं. हात धुतले आणि मास्तरणीच्या आवाजात विचारलं, "कुणाला विचारून माझ्या बहिणीला बसवून पुरलंत?"

शिवाप्पा रागावला नाही. पाऊस आठ दिवस थांबला नव्हता, म्हणाला. सकाळी गंगव्वा चहा घेऊन गेली तर बाय खुर्चीत होती आणि अंग गार होतं. पुलावर पुरुषभर पाणी. फोन लागेना. त्यांनी दीड दिवस वाट बघितली. मग गाव बसलं आणि ठरलं, आता अक्काला ठेवणं बरं नव्हे. खुर्ची झेंडूने सजवली, तिच्यातच बसवून भजन म्हणत रानात नेलं.

"आणि कपाळाला राख लावली म्हणे?"

"लावली की. तुमच्यातबी लावत्यात न्हवं?" गंगव्वा म्हणाली. "दर वर्साला एकदा अक्का गडहिंग्लजास्नं कपाळाला राख लावून येत हुत्या. मी म्हनलं, आमच्यासारकीच इबूत हाय की तुमची!"

राखेचा बुधवार, आमच्या उपासांचा पहिला दिवस. मी पुढचं विचारलं. "जपमाळ?"

"डाव्या हातात दिली. आमच्यात डाव्या तळव्यावर लिंग देत्यात. त्येंचा देव त्येंच्या हातात ऱ्हायला नगो?"

"आणि प्रार्थना?"

गंगव्वा हात जोडून 'आमच्या बापा'ची सगळी प्रार्थना म्हणाली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता. भिंतीपलीकडून रोज ऐकून पाठ झालेली. मी आवाज आणखी चढवला. "सगळं केलंत, मग एवढं का नाही केलंत? आमच्यात माणसाला आडवं ठेवतात. हे ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

"ठावं हुतं की," शिवाप्पा म्हणाला. "चला, दावतो."

रान घरामागेच होतं. उसाच्या कडेला एक मोकळा पट्टा, तिथे त्यांच्या घराण्यातल्या समाध्या. शिवाप्पाच्या आईच्या शेजारी मातीचा गोल ओटा होता आणि त्यावर लाकडी क्रूस, दवाखान्यातल्या बाकाच्या फळ्यांचा. त्याच्या पलीकडे जमिनीत एक लांबट खोलगट जागा होती, गवत माजलेली. माणसाच्या लांबीची.

"ह्यो पैला," शिवाप्पा म्हणाला. "तुमच्या रीतीचा. सा फूट मापून काडला. भर पावसात चौगं खपत हुतो. झाला, आन् हिनं अडवलं."

गंगव्वा त्या खळग्याकडे बघत उभी होती. "मग काय करू तर? आडवं केलं की अक्कास्नी दम लागत हुता."

मला कळलं नाही. मी विचारलं, "काय लागायचं?"

"दम वो. दोन वर्सं झाली. जरा पाठ टेकली की छाती भरायची, जीव घुसमटायचा, माशावानी त्वांड उघडायच्या. म्हनून खुर्चीतच बसून निजायच्या, पुढं स्टुलावर उशी, उशीवर डोस्कं. आमी म्हनलं, कोल्लापूरला सांगा. तर म्हनल्या, सांगितलं की मला हितनं उचलत्याल, मग तुमच्या गोळ्या कोन बगनार. तितं गेल्या तर मुक्काम करीत न्हवत्या. खाटंवर निजावं लागंल, समद्यास्नी कळंल." तिने डोळे पुसले. "त्यो खड्डा मी बगितला. ह्यात निजवायचं? वर माती टाकायची? मेल्यावर दम लागत न्हाई म्हनत्यात, पर कुनी बगितलंय? मी म्हनलं, न्हाई. अक्कास्नी बसवा. मग दुसरा काडला."

उसाच्या पात्यांचा आवाज येत होता.

"तुमाला ठावंच असंल म्हना," गंगव्वा म्हणाली. "आकाडात फोन क्येलता न्हवं त्येंनी? मी हितंच हुतो. फोन ठेवला आन् म्हनल्या, भनीला सांगितलं बग झोपंचं. बरं वाटलं."

बरं वाटलं! मी तिला दुपारची झोपत जाऊ नकोस म्हणाले होते. तिने किती दिवस मनाशी जुळवून ते एक वाक्य मला सांगितलं असेल, आणि मी कोलंबी बघायला गेले. मी तिथे, त्या रिकाम्या खळग्याच्या कडेला मटकन बसले आणि रडले. आई गेली तेव्हा रडले नव्हते इतकी. बाय, बाय करत, लहान पोरीसारखी. गंगव्वाने मला थांबवलं नाही, फक्त पाठीवर हात ठेवून बसली.

मग ती उठून घराकडे गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात माझा बोंबलांचा पुडा होता. पदराच्या टोकात धरलेला, अंगापासून लांब, तोंड एका बाजूला वळवलेलं. जन्मात मासळीला हात न लावलेली बाई! तिने तो बायच्या ओट्यावर, क्रूसाच्या पायाशी ठेवला, आणि कानडीत काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालात?"

"म्हनलं, अक्का, म्हायेरास्नं आलंय. खावा आता, आमी काय म्हनत न्हाई."

निघण्याआधी मी दवाखान्यात गेले. खुर्ची परत आणून जागेवर ठेवलेली होती, साधी, लाकडी, हातांची. पुढे स्टूल, स्टुलावर मधोमध दबलेली उशी. मी खुर्चीत बसून उशीवर डोकं ठेवून बघितलं. पाच मिनिटांत मान आखडली. हिने दोन वर्षं काढली. उठताना राग शोधला, पन्नास वर्षांचा, सवयीचा. सापडला नाही.

परत कोल्हापूर

मदर फाटकातच उभ्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, लांब खड्ड्याचं, खुर्चीचं, उशीचं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायचा विसरून हातातच धरून ठेवला. "खाटेवर चादर घालून ठेवायचे मी," एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, की धर्मगुरूंना घेऊन त्या स्वतः जातील आणि ती जागा आशीर्वादित करून येतील. पण दफनभूमीत जागा अजून मोकळी आहे, निर्णय माझा आहे.

मी पर्समधून कागद काढला आणि सही न करता त्यांच्या हातात दिला.

"तिला उठवू नका, मदर," मी म्हटलं. "झोप लागत नाही म्हणून मला सांगितलं होतं तिने. आता कुठे डोळा लागलाय."